आंकड्यांची वाट

जिन्याखालच्या कोनाड्यांत माझी सायकल सहा वर्षें उभी होती. प्रथम तिच्यावर एक जुनें लुगडें पांघरलेलें होतें; पुढें त्या पांघरुणावर आकाशकंदिलाचा सांगाडा, फाटके पतंग, धान्य पाखडण्याचें मोठें सूप अशा वस्तु एकामागून एक येऊन विसावल्या. चौदा माणसांच्या घरांत जी वस्तु हलत नाहीं तिची लवकरच फळी होते. माझ्या सायकलीचीहि झाली.

ती हलेनाशी कां झाली तें थोडक्यांत सांगतें. पुण्याला पूर्वीं सायकलींचें शहर म्हणत. १९७५ च्या सुमारास मी महाविद्यालयांत जात असें, तेव्हां सकाळच्या वेळीं टिळक रस्त्यावर घंटांचा असा कांहीं गलका उठे कीं, शेजारून चाललेल्या मैत्रिणीशीं ओरडूनच बोलावें लागे. लग्नानंतरहि सायकल सुटली नाहीं. शाळेंत शिकवायला जाणें, मंडईंतून भाजी आणणें, मुलांना मागें कॅरिअरवर बसवून बालवाडींत पोंचविणें हें सर्व तिच्याच जिवावर झालें. परंतु रस्ते पालटत गेले. घंटा विरळ झाल्या, कर्णे वाढले, आणि सहा वर्षांपूर्वीं एका चौकांत मागून आलेल्या टेंपोचा धक्का लागून मी पडलें. उजवें मनगट मोडलें. दीड महिना हात प्लॅस्टरमध्यें होता. टेंपोवाला थांबला नाहीं. पण मला आठवतो तो टेंपो नव्हे, तर पडण्यापूर्वीं क्षणभर कानाशीं वाजलेला त्याचा कर्णा. सासूबाई, त्यांना आज ब्याण्णवावें वर्ष आहे, त्या दिवशीं एवढेंच म्हणाल्या, "पडलीस तें पडलीस. आतां पुन्हां चढूं नकोस." घरांतल्या थोरामोठ्यांनीं माना डोलावल्या. मीहि डोलावली. भीति माझीच होती. त्यांनीं फक्त तिला आज्ञेचें रूप दिलें, आणि त्याबद्दल मनांतून मला बरेंच वाटलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

धाकट्या दिरांचा मुलगा बेल्जममध्यें ल्यूवेन येथें नोकरीस आहे. गेल्या वर्षीं एप्रिल महिन्यांत त्यानें आम्हां उभयतांना आग्रहानें बोलावून घेतलें. तिसऱ्याच दिवशीं रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "काकू, उद्यां आपण सायकलनें हिंडायला जायचें. रस्त्यावर मोटारी नाहींत, चढ बेताचे आहेत, आणि फळझाडांना मोहोर आला आहे." मी 'पाहूं' म्हणालें. आमच्या घरांत 'पाहूं' याचा अर्थ काय होतो हें त्याला चांगलें ठाऊक. तरी त्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं आगगाडीचीं चार तिकिटें काढलीं.

ल्यूवेनहून पूर्वेस, पाऊण तासाच्या आंतबाहेर, सिंट-ट्रॉयडेन नांवाचें गांव लागतें. लिंबुर्ग प्रांताच्या दक्षिण भागास हास्पेनगाउ म्हणतात, त्यांतलें हें प्रमुख गांव. फ्लँडर्स म्हणजे तव्यासारखा सपाट मुलुख अशी माझी समजूत होती. या भागास ती लागू पडत नाहीं. अंगणांत वाळत घातलेलें लुगडें वाऱ्यानें हलकेंच फुगावें आणि पुन्हां बसावें, तशी येथली भूमि आहे. चढ येतो, पण छातींत धाप भरण्यापूर्वींच संपतो. उतार येतो, पण ब्रेक दाबावा लागण्यापूर्वींच सपाटी लागते. याचें कारण मातींत आहे. हिमयुगांत थंड कोरड्या वाऱ्यांनीं बारीक गाळाची धूळ उडवून आणून येथें जाड थर पसरला. त्याच्याखालीं जुन्या भूमीचे कंगोरे बुजले. या मातीस लोएस म्हणतात. ती मऊ, सुपीक आणि निचऱ्याची. म्हणून येथें गहूं, शर्करा-बीट आणि मुख्यतः सफरचंद व नासपती यांच्या बागा आहेत. हीच मऊ माती शतकानुशतकें गाड्यांच्या चाकांनीं व पावसाच्या लोंढ्यांनीं झिजत जाऊन कांहीं जुन्या वाटा पुरुषभर किंवा त्याहूनहि खोल गेल्या आहेत. दोन्ही बाजूंस मातीच्या भिंती, वर झाडांच्या फांद्यांची कमान, आणि मधून आपण; तेथें शिरल्यावर ऊन तर जातेंच, पण आवाजहि जातो.

स्टेशनाजवळ भाड्यानें सायकली घेतल्या. 'ह्यां'चे गुडघे जुने, म्हणून त्यांच्याकरितां विजेची मदत मिळणारी सायकल घेतली. पाय मारल्याशिवाय ती चालत नाहीं, मात्र प्रत्येक पायाच्या जोरास मोटारीचा जोर मिळतो. ताशीं २५ किलोमीटर वेग झाला कीं तो आपोआप बंद होतो, कारण तिकडील कायदाच तसा आहे. 'ह्यां'नीं प्रथम ही लबाडी आहे असें सांगून पाहिलें. पहिल्या चढावर आम्हां तिघांना मागें टाकून वर उभे राहिल्यानंतर तो शब्द पुन्हां काढला नाहीं.

सूनबाईनें एका कागदाच्या चिठीवर आठ-दहा आंकडे एकाखालीं एक लिहिले आणि ती चिठी कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यानें माझ्या हॅण्डलला अडकवली. "काकू, रस्ता तुम्हीच दाखवायचा," ती म्हणाली. परमुलुखांत, परभाषेंत, सहा वर्षांनीं सायकलवर चढलेल्या बाईनें रस्ता दाखवायचा, हा थट्टेचा प्रकार वाटला. परंतु ती थट्टा नव्हती. ही आंकड्यांची युक्ति इतकी साधी व इतकी उपयुक्त आहे कीं, तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

सायकलीच्या सहलीचे मार्ग पूर्वींहि असत. पण ते बांधलेले असत. अमुक नांवाचा चाळीस किलोमीटरांचा फेरा, तमुक नांवाचा साठांचा. एकदां शिरलें कीं खुणा पाहात शेवटपर्यंत जावें, दमलें तरी त्याच वाटेनें, हुरूप आला तरी त्याच वाटेनें. आंकड्यांच्या पद्धतींत मार्गाला नांव नाहीं, चौकाला क्रमांक आहे. शांत वाटा जेथें एकमेकींस मिळतात अशा प्रत्येक ठिकाणीं एक पाटी: हा चौक अमुक क्रमांकाचा, डावीकडे गेल्यास अमुक, सरळ गेल्यास तमुक. पुढच्या चौकापर्यंत मधल्या प्रत्येक वळणावर लहान पाटीवर बाण आणि तोच आंकडा. एवढेंच. नकाशावर आपल्याला हवा तो फेरा आपणच आंखावा, आंकडे टिपून घ्यावे, आणि निघावें. मध्येंच पाऊस आला, पाय दुखले, किंवा दूरचें एखादें घंटाघर पाहावेंसें वाटलें, तर पुढच्या चौकांत बेत बदलावा. शब्द वाचतां येत नसले तरी अडत नाहीं. अंक ओळखतां आले कीं पुरे.

ही कल्पना ह्यूगो बोलेन नांवाच्या एका खाण-अभियंत्याची. लिंबुर्ग प्रांताचा उत्तरेकडील भाग कोळशाच्या खाणींचा. १९०१ सालीं ल्यूवेनचे प्राध्यापक आंद्रे ड्यूमाँ यांना आस या गांवीं कोळसा लागला. १९१७ पासून विंटरस्लाख येथें तो वर येऊं लागला. आणि पुढें एकंदर सात खाणी चालल्या. इटली, पोलंड, तुर्कस्तान, मोरोक्को येथून माणसें येऊन त्या अंधारांत उतरत. मग कोळशाचे दिवस फिरले. १९६६ सालीं झ्वार्टबर्गची खाण बंद करण्याचें ठरलें तेव्हां दंगल होऊन दोन माणसें प्राणास मुकलीं. १९९२ सालीं झोल्डरची शेवटची खाण बंद झाली, आणि एका सबंध प्रांतापुढें आतां करावयाचें काय, असा प्रश्न उभा राहिला. भुईखालच्या गल्ल्यांत ना झाड, ना देऊळ, ना सूर्य; तेथें माणूस कोठें आहे हें कळावयाचें तर फांट्यांना क्रमांकच हवेत. बोलेन यांनीं खाणींतील ही रीत उचलून उघड्या शेतांत आणली. १९९५ सालीं लिंबुर्गमध्यें आंकड्यांचें हें जाळें प्रथम खुलें झालें, आणि आज एकट्या त्या प्रांतांत तें सुमारें २,००० किलोमीटर पसरलें आहे. पुढें सगळ्या फ्लँडर्सनें, शेजारच्या हॉलंडनें व जर्मनीच्या कांहीं भागांनींहि तें उचललें. अंधारांत माणूस हरवूं नये म्हणून काढलेली युक्ति आज फुललेल्या बागांतून माझ्यासारख्या म्हातारीस रस्ता दाखवीत होती.

नवीं सायकलीचे रस्ते बांधून ही सोय झाली असें नाहीं. असलेल्या वाटा निवडून व जोडून ती झाली. शेताकडे जाणारे काँक्रीटचे अरुंद रस्ते, कालव्यांचे काठ, बंद पडलेल्या लोहमार्गांचे भराव. सिंट-ट्रॉयडेनहून बोर्खलोनवरून टाँगेरेनकडे पूर्वीं आगगाडी जात असे. रूळ निघाले, आणि त्या भरावाच्या बऱ्याच भागावर आतां सायकलींची वाट आहे. तिला 'फळांचा लोहमार्ग' अशा अर्थाचें नांव आहे. आगगाडीस तीव्र चढ चढवत नाहीं, म्हणून अशा वाटेवर चढहि नांवालाच. शेतांतल्या रस्त्यांच्या तोंडाशीं सरकारी पाटी असते, तीवर चालणारा माणूस, सायकल, घोडा आणि ट्रॅक्टर अशीं चित्रें, बाकीच्यांस मज्जाव. काँक्रीटच्या लाद्यांच्या सांध्यांवरून जातांना चाकाखालीं ठराविक अंतरानें 'टक्‌, टक्‌' असा आवाज होतो. पहिला तासभर दुसरा आवाज मीं ऐकला नाहीं. नाहीं म्हणायला एक चंडोल होता.

मग तो ट्रॅक्टर आला.

आम्ही एका बागेच्या कडेनें जात होतों. तिघे पुढें गेलेले, मी मागें. नासपतीचा पांढरा मोहोर पडून गवतावर विरजणाच्या सायीसारखा थर बसला होता, आणि पलीकडे सफरचंदाच्या गुलाबी कळ्या नुकत्या डोळे उघडीत होत्या. मागून इंजिनाचा आवाज आला. पहिल्यानें दूर, मग जवळ. माझें मनगट दुखूं लागलें. खरोखर दुखूं लागलें; हाड केव्हांच सांधलें आहे, पण त्या क्षणीं तें दुखलें. हॅण्डल डगमगलें. आतां कर्णा वाजेल, या एका धास्तीनें मान आंखडली. रस्ता एवढा अरुंद कीं, मी आणि ट्रॅक्टर एका वेळीं त्यावर मावणें शक्यच नव्हतें. कडेला गवत, आणि उतरावयास पाय टेकेना. कर्णा मात्र वाजला नाहीं. आवाज वाढावयाचा थांबला आणि तेवढाच राहिला. दहा, वीस, पन्नास कदम. माझ्या मागें, माझ्याच गतीनें, तें भलें मोठें धूड चालत होतें. शेवटीं एक फाटक लागलें, तेथें मी उतरून बाजूला झालें. ट्रॅक्टरवर पंचविशीचा एक तरुण, मागें औषध फवारण्याचें यंत्र. त्यानें हात वर केला, मान लववली, आणि गेला.

मी त्या फाटकाशीं बरा वेळ उभी होतें. पुढून पुतण्या परतून आला, घाबरलाच होता. "काकू, काय झालें?" मी म्हणालें, "कांहीं नाहीं. त्यानें कर्णा वाजवला नाहीं." हें वाक्य त्याला कितपत कळलें कोण जाणे. त्यानंतर मात्र पुढच्या चौकापर्यंत मीच सर्वांच्या पुढें होतें.

दुपारीं बोर्खलोनजवळ एका बाकावर आम्हीं दशम्या सोडल्या. सूनबाईनें पहांटे उठून केलेल्या; लिंबाचें लोणचें पुण्याहून मींच नेलेलें. त्या बाकावरून शेताच्या टेकाडावर एक देऊळवजा इमारत दिसत होती, आणि चमत्कार असा कीं, तिच्यांतून पलीकडचें आकाशहि दिसत होतें. गिज्स आणि व्हान व्हेरेनबर्ख या दोघा शिल्पज्ञांनीं २०११ सालीं उभारलेलें हें चर्चच्या आकाराचें शिल्प पोलादी पट्ट्यांच्या १०० थरांचें आहे. उंची १० मीटर, वजन ३० टन. समोरून पाहावें तर चर्च भरींव, चार पावलें सरकावें तर विरून गेलेलें. तेथें पूजा-प्रार्थना कांहीं नाहीं. 'ह्यां'नीं तें चहूं बाजूंनीं पाहिलें आणि 'सायीच्या जाळीचें देऊळ' असा निर्वाळा दिला. मला स्वतःला आंत उभें राहून त्या पट्ट्यांच्या फटींतून दिसणारे शेतांचे आडवे तुकडे अधिक आवडले.

बोर्खलोनची दुसरी ख्याति म्हणजे तेथला पाक. सफरचंदें आणि नासपती मोठ्या कढयांत तासन्‌तास आटवून काळसर, दाट असा पाक करतात. तो पावाला लावून खातात. एक वाटी चाखली आणि माझ्या तोंडून 'अगबाई, काकवी!' असे उद्गार निघाले. किंचित्‌ आंबट, एवढाच फरक. वाटेंत तिकडील मोठाल्या शेतकऱ्यांचीं घरें लागतात, तींहि परकीं वाटत नाहींत: रस्त्याकडे विटांची उंच आंधळी भिंत, तींत एक भक्कम दरवाजा, आणि आंत चौक, चौकाच्या एका बाजूस राहतें घर, बाकीच्या बाजूंस गोठा, कोठार, गाडीखाना. आपल्या चौसोपी वाड्याची ही बहीणच. दरवाजा अर्धवट उघडा होता तेथें मीं सायकल थांबवून आंत डोकावलें. चौकांत एक आजी कसल्याशा शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, मीं त्यांच्याकडे, दोघी हंसलों, पुढें बोलणें शक्य नव्हतें.

याच गोष्टीवर 'ह्यां'ची तक्रार होती, आणि ती अगदींच पोकळ नव्हे. "या आंकड्यांमुळें कोणाला वाट विचारावीच लागत नाहीं," ते म्हणाले, "आणि वाट न विचारतां परगांवीं माणसाशीं बोलायचें तरी कशावरून?" तक्रारी आणखीहि करतां येतील. मोठे रस्ते ओलांडावे लागतात, तेथें मोटारींचा प्रवाह अंगावर येतो. एका चौकांत पाटी वेलीखालीं झांकली गेली होती, तेथें आम्ही चुकून अर्धा तास वाया घालविला. वारा तोंडावर असला तर सपाटीवरहि घाट चढल्यासारखें होतें. शिवाय मोहोराच्या दिवसांतल्या रविवारीं तिकडे जाऊं नये, असें पुतण्या म्हणतो. त्या दिवशीं सबंध देश सायकलवर बसून तेथें लोटतो.

त्या दिवशीं आम्ही ३४ किलोमीटर हिंडलों. दुसऱ्या खेपेस उत्तरेकडे गेंकच्या बाजूस गेलों. विंटरस्लाखच्या खाणीचे पाळण्याचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत. जवळच बोक्रायक येथें एका तळ्याच्या मधून सायकलीचा रस्ता नेला आहे. तळ्यावरून नव्हे, तळ्यांतून. २०१६ सालीं झालेली ही वाट २१२ मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंस भिंती, आणि पाण्याची पातळी नेमकी डोळ्यांच्या रेषेंत. हंस शेजारून जातो तो आपल्या कानाच्या उंचीवरून. गंमत आहे यांत शंका नाहीं, आणि लोक फार. परंतु माझें मन त्या गंमतीपेक्षां मनोऱ्यांशींच अधिक वेळ घुटमळलें.

पुण्यास परतल्यावर ती आंकड्यांची चिठी मीं स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवली. सासूबाईंना ती धोब्याचा हिशेब वाटली. हिशेब नव्हे, हें सांगतां सांगतां ट्रॅक्टरपर्यंतची सगळी हकीकत निघाली. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकली आणि कांहींच न बोलतां जपाची माळ उचलली.

पुण्याच्या रस्त्यांवर सायकल काढण्याचें धाडस माझ्यांत नाहीं, आणि काढावी असें मी कोणास सांगणारहि नाहीं. परंतु माझ्या धाकट्या जाऊबाईंचें माहेर नीरेच्या डाव्या कालव्याच्या कांठीं आहे. इंग्रजी अमदानींत खणलेला तो कालवा. पाणी आपल्या पायांनीं वाहावें म्हणून डोंगरउताराच्या कडेकडेनें अगदीं मंद उतारानें नेलेला. म्हणजे आगगाडीच्या भरावासारखीच ती वाट, चढाविना. पाटाच्या कडेनें कच्चा रस्ता आहे. गळीत हंगामांत उसाचे ट्रॅक्टर असतात, एरव्हीं एखादी मोटारसायकल, आणि कुत्रीं मात्र बारमाही. पाट्या नाहींत, आंकडे नाहींत. तेथें वाट विचारावी लागेल, म्हणून 'हे' खूष आहेत.

कोनाडा मोकळा केला. सूप, सांगाडा, पतंग सर्व माळ्यावर गेलें. दुकानदारानें दोन्ही टायर-ट्यूब बदलावे लागतील असें सांगितलें. ट्यूब रिमला चिकटून बसल्या होत्या. चेन तेल देऊन मोकळी झाली. हंगाम सुरू होण्यापूर्वीं, गणपति झाल्यावर, टेंपोंत दोन सायकली घालून जावें असें ठरतें आहे. टेंपोंतच घालून, याचें घरांत पुष्कळ हंसें झालें. मोठ्या दिरांचें मत अजून प्रतिकूल आहे. सासूबाईंनीं मात्र परवां रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मला हांक मारली आणि विचारलें, "पाटाला कठडा आहे का ग?"

"नाहीं, सासूबाई."

"मग पाण्याच्या बाजूनें चालवायची नाहीं. शेताच्या बाजूनें चालव."

तेवढें मीं लगेच कबूल केलें.